सात किलोंची सुट्टी

माझा अण्णा सैन्यात स्वयंपाकी आहे. हे एवढं साधं वाक्य कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला म्हणता आलं नव्हतं. वर्गात मॅडमनी एकेकीला उभं करून घरी कोण काय करतं ते विचारलं होतं. कुणाच्या घरी शिक्षक, कुणाच्या घरी वकील, एकीचे बाबा कोर्टात कारकून. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "आप्पा शेती करतात. मोठा भाऊ मिल्ट्रीत आहे." मॅडम कौतुकानं म्हणाल्या, "वा! बॉर्डरवर?" मी मान हलवली आणि बसले. खोटं नव्हतं ते. पण मधला एक शब्द मी गिळला होता आणि बसने घरी येईपर्यंत तो घशातच होता.

लाज वाटावी असं अण्णानं काही केलेलं नव्हतं. उलट मी त्या वर्गात बसले होते तेच त्याच्यामुळे. बारावी झाल्यावर आप्पा म्हणाले होते, "झालं की आता. बेळगावला रोज जाणं-येणं, कोण बघणार?" आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, त्यामुळे त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. अण्णाचा फोन आला तेव्हा तिकडं रेंज नव्हती. तुटक तुटक आवाजात तो एवढंच म्हणत राहिला, "आप्पा, कॉलेज... हॅलो... कॉलेज... तिला कॉलेज..." शेवटी आप्पाच वैतागून म्हणाले, "व्हय रं बाबा, कॉलेज, कळलं!" मग तो सुट्टी घेऊन आला, माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला. अर्ज अर्धा कन्नडमध्ये, अर्धा इंग्रजीत. मी त्याच्या पाठीमागं लपत होते आणि दहावीनंतर शाळा सोडलेला माझा भाऊ प्रत्येक खिडकीवर न बिचकता विचारत होता, "सर, हितं काय लिवायचं?"

ही गोष्ट आहे गेल्या सुगीतली. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. अण्णा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला. बॅग ठेवली, आईच्या पाया पडला आणि पाणी पिताना वहिनीला म्हणाला, "ह्या टायमाला मला कुणाकडं जेवायला पाठवू नका."

वहिनी हसली. "मग काय उपाशी ठेवू?"

"सात किलो कमी करायचंय," अण्णा म्हणाला. "मजा न्हाय करत मी."

मग त्यानं नीट सांगितलं. सैन्यात स्वयंपाकी असला तरी तो आधी जवान असतो. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पळणं, दोरावर चढणं, उंचीप्रमाणं वजन, हे सगळं त्यालाही इतरांसारखंच. मागच्या वेळी तो पळण्यात नापास झाला होता आणि वजन सात किलो जास्त भरलं होतं. सुट्टीवरून परत गेल्यावर पुन्हा परीक्षा. त्यात जमलं नाही तर मेडिकल कॅटेगरी खाली जाणार, आणि मग नाईकाचा हवालदार व्हायची बढती राहून जाणार. आप्पा सगळं ऐकून म्हणाले, "सैपाक करायला पळायचं कशाला लागतंय?" गावातही हेच म्हणतील, हे आम्हाला माहीत होतं. आधीच कुणी कुणी म्हणायचं, "मिल्ट्रीत हाय म्हणं, पळी घिऊन!"

सात किलो आले कुठून, याचं उत्तर आमच्याच गावात होतं. उचगावच्या पुढचं आमचं गाव. इथं गल्लीत एक तरी घर सैन्यातलं आहे, आणि सुट्टीवर आलेल्या जवानाला घरोघरी जेवायला बोलवायची रीत आहे. ज्या घरातला मुलगा सैन्यात, त्या घरी तर जावंच लागतं. आपल्या मुलाला वाढता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या मुलाला वाढायचं. आमची आईही तेच करते. पलीकडच्या गल्लीतला पोरगा आला होता तेव्हा तिनं त्याला चौथी आंबोळी वाढली, वर आणखी रस्सा ओतला, आणि तो "पुरे, पुरे" म्हणत असताना तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर तो अण्णा नाही हे तिला दिसलं असतं, असं मला तेव्हा वाटलं. या वाढण्याला नाही म्हणणं म्हणजे काय ते कुणालाही कळेल. मागच्या सुट्टीत अण्णा पाच किलो वाढवून गेला होता. उरलेले दोन लंगरातले. सैन्यातल्या स्वयंपाकघराला ते लोक लंगर म्हणतात. दिवसभर चव बघायची म्हणजे तेवढं होणारच, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून पळणं सुरू झालं. गावापासून नदीच्या पुलापर्यंतचा रस्ता ठरला. वहिनी मच्छेला कारखान्यात कामाला जाते, तिची स्कूटी आहे. ती मला म्हणाली, "तू जा ह्यांच्या पाठीमागनं. एकटे गेले तर हाटेलात बसतील आणि वर्तमानपत्र वाचून येतील." म्हणून पहाटे साडेपाचला मी कानाला मफलर बांधून स्कूटीवर, एका हातात मोबाईलचं घड्याळ, आणि पुढं अण्णा. दोन्ही बाजूला कापणीला आलेलं भात, त्याच्यावर धुकं. पहिल्या दिवशी पूल गाठायला ठरलेल्या वेळेपेक्षा पाच मिनिटं जास्त लागली. मी वहीत लिहून ठेवलं. भरतीची तयारी करणारी गावातली पोरं आमच्या शेजारून सपसप पुढं गेली. त्यातला एकजण मागं वळून ओरडला, "अण्णा, तुमीबी भरतीला उभारणार काय?"

"व्हय रं," अण्णा धापा टाकत म्हणाला, "तुमचा सैपाक कोण करणार?"

वजनाचा प्रश्न होता. घरात काटा नाही. शेवटी भाताच्या गिरणीत गेलो. गिरणवाल्याला सगळं गाव मामा म्हणतं. पोती मोजायच्या लोखंडी काट्यावर अण्णा चपला काढून उभा राहिला. मामांनी चष्मा वर केला. "हे पोतं चांगलं भरलंय की रं. वाळवून आणायचं हुतंस." पण आकडा कुणाला सांगणार नाही असं त्यांनी कबूल केलं आणि शब्द पाळलाही. बोभाटा झाला तो माझ्यामुळे.

पहिले दहा-बारा दिवस आम्ही आमंत्रणं टाळत होतो. वहिनी सांगायची, "पुढच्या आठवड्यात बघू." आई सांगायची, "आता सुगीची गडबड हाय." पण आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक काकी राहते. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा सैन्यात आणि यंदा त्याला सुट्टी नव्हती. साठीची असेल. भिंतीएवढी ताठ आणि तोंडानं फटकळ. एका संध्याकाळी ती दारात आली. घरात मी एकटीच होते.

"रविवारी अण्णाला धाड. कोंबडं कापतो. हुग्गी पण करतो, त्याला आवडती."

गव्हाची ती गुळाची खीर अण्णा किती खातो ते मला माहीत होतं. वहीतला आकडा आठ दिवसांत फक्त एक किलोनं उतरला होता. आणि काकीला नाही कसं म्हणायचं तेही मला माहीत नव्हतं. तिच्यासमोर माझी जीभ तशीही उचलत नाही. तरी ती उचलली आणि नको ते बोलून गेली. मी म्हणाले, "काकी, अण्णाच्या पोटाचं दुखणं हाय. डॉक्टरनं कोंबडं, गोड, सगळं बंद केलंय."

काकीचा चेहरा उतरला. "आगं बाई. आणि कुणी सांगिटलं न्हाय मला." एवढं बोलून ती गेली. मला वाटलं, काम झालं.

दोन दिवसांत गावभर झालं की अण्णाला पोटाचं दुखणं आहे. तिसऱ्या दिवशी मिल्ट्रीनं त्याला आजारी म्हणून घरी धाडलंय असं झालं. आणि चौथ्या दिवशी आप्पा हॉटेलातून घरी आले, टोपी खुंटीला न अडकवता हातातच धरून बसले. आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "लोकं म्हणत्यात, ह्याच्या हातचं खाऊन पलटण आजारी पडली. म्हणून काढलं ह्याला."

अण्णा अंगणात दोरीच्या उड्या मारत होता. तो थांबला. मी त्याचा चेहरा बघितला आणि मला एकदम कळलं की मी काय केलंय. पळी घेऊन लढतो म्हटलं तर तो हसायचा. लठ्ठ म्हटलं तरी हसायचा. पण त्याच्या हातचं खाऊन माणसं आजारी पडली, हे ऐकून तो हसला नाही. मी रडतच सांगितलं की ते मी काकीला बोलले होते. वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं, दुसरं काय तरी सांगायचं! गुडघा सांगायचा!" अण्णा दोरी गुंडाळून आत गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो पळायला निघेल असं मला वाटलं नव्हतं. पण दारात त्याची शिट्टी वाजली. पुलापर्यंत तो पळाला. पुलाच्या कठड्यावर बसल्यावर म्हणाला, "घड्याळ बंद कर. तुला एक सांगतो. हवालदारकीचं न्हाय हे. ते झालं तर झालं."

मग त्यानं जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्याचं सगळं बोलणं मला जसंच्या तसं आठवत नाही. तो जिथं होता तिथं खाली लंगर आणि वर डोंगरावर चौकी. वर दहा-बारा जण पहाऱ्याला. जाड भिंतीचा एक मोठा डबा असतो, पाठीवर बांधायचा. त्यात डाळ-भात घेऊन वर चढायचं. पूर्वी तो न थांबता जायचा. मागच्या सुट्टीवरून परतल्यावर पहिल्यांदा चढला तेव्हा चार ठिकाणी बसावं लागलं. डबा कितीही चांगला असला तरी तिथली थंडी वेगळी. वर पोचून त्यानं झाकण उघडलं तर डाळीवरचं तूप गोठून पांढरं झालेलं.

"एक नवीन पोरगं हुतं," अण्णा म्हणाला. "तिकडचं, हिंदी बोलणारं. सकाळपासनं उभं. त्यानं घास घेतला आणि मला म्हणतंय, 'उस्ताद, एकदम गरम है.'" अण्णा नदीकडं बघत राहिला. "मला बरं वाटावं म्हणून गं. त्या दिवशी मला कळलं, मी नापास झालोय. परीक्षा नंतर झाली."

कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी सैनिकांच्या फिटनेसबद्दल शोधून बघितलं होतं. इंग्रजीतलं सगळं मला कळलं नव्हतं. पण पळणं, ओझं, बंदूक असं सगळं होतं, स्वयंपाकी कुठं दिसला नव्हता. मीही आप्पांसारखंच मनात धरलं होतं की अण्णाचं पळणं वेगळं आणि अण्णाचं काम वेगळं. दोन्ही एकच आहे, हे मला पुलावर बसून कळलं.

"तूपण माझं बरं व्हावं म्हणूनच बोललीस," तो उठत म्हणाला. "पण आता काकीकडं जायचं. तूबी चल."

काकी अंगणात विळ्याला धार लावत होती. अण्णाला बघून लगबगीनं उठली. "बस, बस. पेज करून दिऊ काय? पोटाला हलकी."

"काकी, माझं पोट ठणठणीत हाय. तेच वाईट झालंय."

आणि त्यानं सगळं सांगितलं. सात किलो, परीक्षा, गार झालेली डाळ, माझं खोटं, सगळं. मी खांबामागं उभी होते. काकीनं आधी माझ्याकडं बघितलं. "कालेजात हेच शिकवत्यात व्हय गं?" मी मान खाली घातली. मग ती अण्णाकडं वळली. "आणि तू रं? एवढा घोडा झालास, मला सांगायला तोंड नव्हतं? मी काय तुला बांधून घालणार हुतो?"

"घालत हुतीस की," अण्णा म्हणाला.

काकी हसली नाही, पण विळा खाली ठेवला. थोडा वेळ अण्णाला नीट निरखून बघितलं, बैल बघतात तसं. मग म्हणाली, "खालच्या रानात माझं भात कापून पडलंय. तितं ट्रॅक्टर उतरत न्हाय. भारे वर रस्त्याला आणायला माणूस मिळंना झालंय. रविवारी जेवायला न्हाय, भारे वाहायला ये."

त्या रविवारी मीही गेले. काकीचं रान नदीच्या अंगाला खोलगट आहे. तिथून वर रस्त्यापर्यंत, जिथं मळणीचं मशीन उभं असतं, चांगलाच चढ आहे. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून भारे नेत होत्या. अण्णानं भारा दोरीनं पाठीला बांधला, त्याच्या त्या डब्यासारखा. बायका हसून हसून बांधावर बसल्या. "आगं, बघा बघा, मिल्ट्रीचं दप्तर!" अण्णानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो चढाला लागला, अर्ध्यात थांबला, पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. मागून काकी डोक्यावर भारा घेऊन आली आणि न थांबता त्याला ओलांडून गेली. साठ वर्षांची बाई. वर भारा टाकून ती परत उतरताना त्याच्याजवळ उभी राहिली.

"सपाटीला पळतोस तसं चढाला पळाय बघतोस तू. म्हणून दम जातोय. थांबलास की भारा आणि जड हुतोय. पाऊल ल्हान कर. पण थांबू नको."

"एवढं ल्हान?" अण्णानं पावलं टाकून दाखवली.

"आणि ल्हान. नव्या नवरीगत चाल!"

बांधावरच्या बायका पुन्हा हसल्या. पण त्या दिवशी सातव्या की आठव्या भाऱ्याला अण्णा खालून वर एकदाही न थांबता आला. वर येऊन त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी घड्याळ दाखवलं. घड्याळाचं तेव्हा कुणाला काही पडलं नव्हतं, खरं तर. मीच सवयीनं लावलं होतं. दुपारी काकीनं सगळ्यांबरोबर त्याला एक भाकरी, गरगट्टं आणि शेंगाची चटणी दिली. पालेभाजीचं ते घोटलेलं गरगट्टं त्यानं दोनदा मागितलं. काकीनं एकदाच वाढलं आणि वहिनीच्या आवाजात म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू."

नंतर जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. खरी गोष्ट काकीनंच गावात सांगितली, आणि ती सांगते तेव्हा कुणी मध्ये बोलत नाही. पलटण आजारी पडल्याचं जो कोणी बोलला होता त्याला म्हणे तिनं हॉटेलासमोर थांबवून विचारलं, "तुला कुणी आणून घातलाय काय रं डोंगरावर डबा?" त्यानंतर घरोघरची आमंत्रणं पुन्हा सुरू झाली, पण वेगळी. "उद्या आमच्याकडं पोती चढवायला ये." "आमचं खत पसरायचं हाय, येतोस काय?" "विहिरीतला गाळ काढायचाय, तुझं वजन उतरंल." लोक चेष्टाही करत होते आणि फुकट काम करूनही घेत होते. आप्पा एकदा वैतागले. "आमचं भात कोण आणायचं? ह्याला गावानं गडी केलाय!" पण मनातून ते खूश होते. हॉटेलात पुन्हा बसायला लागले होते.

गिरणीतलं वजन आता लपून राहिलं नाही. दर सोमवारी सकाळी चार-पाच माणसं आधीच येऊन उभी असायची. मामा काटा फुंकर मारून साफ करायचे. भरतीची तयारी करणारी पोरंही यायला लागली. त्यातल्या त्या ओरडणाऱ्याला अण्णानं एकदा काकीच्या चढावर भारा देऊन पाठवलं. सपाटीवर हरणासारखा पळणारा तो पोरगा तीन वेळा थांबला. "अण्णा, हे भरतीला असतंय काय?" त्यानं विचारलं. अण्णा म्हणाला, "भरतीला न्हाय रं. नोकरीला असतंय."

मी सगळं वहीत लिहीत होते. पहाटेचा वेळ, सोमवारचं वजन. आठ वाजता बस पकडून कॉलेजला जायचे आणि पहिल्या तासाला डोळे मिटायचे. पण त्या दोन महिन्यांइतकी मी कधी खूश नव्हते. अण्णानं माझ्यासाठी इतकं केलं होतं आणि मला त्याच्यासाठी करण्यासारखं काही सापडतच नव्हतं. स्कूटी चालवत त्याच्या मागं राहायचं, एवढं तरी मला जमत होतं. कधी तो म्हणायचा, "नुसती मागनं येऊ नको, काय तरी वाचून दाखव." मग मी आदल्या दिवशीचं पाठ केलेलं मोठ्यानं म्हणायचे, इंग्रजीतलं, चुकत माकत. त्याला ते कळत नव्हतं, पण मी अडखळले की तो पुढून ओरडायचा, "थांबू नको! पाऊल ल्हान कर!"

जायच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन झालं. सहा किलो कमी. एक राहिला. सगळे काट्यावर वाकून बघायला लागले. मामा म्हणाले, "भाताचा काटा हाय हा. माणसाला एखादा किलो इकडंतिकडं दाखवणारच." अण्णा म्हणाला, "न्हाय मामा, काटा बरोबर हाय. एक राहिलाय." पळण्याची वेळ मात्र आत आली होती, थोड्याच सेकंदांनी.

दर वेळी जाताना घरोघरचे लोक त्याला कुंद्याचे, बेळगावच्या त्या खव्याच्या मिठाईचे डबे द्यायचे. या वेळी कुणी दिले नाहीत. काकी सकाळी आली ती एक कापडी पिशवी घेऊन. तिच्या खालच्या रानातला नवा तांदूळ होता, अण्णानंच वर आणलेल्या भाताचा. आमच्याकडचा बासमती शिजला की गल्लीला वास सुटतो.

"तुला न्हाय हे," ती म्हणाली. "वरच्या पोरांना घाल. माझा तितं नसंल, पण कुणाचा तरी असंलच."

आप्पांनी पिशवी उचलून बघितली. "सहा किलो असंल. कमी केलेलं सगळं पिशवीत घिऊन चाललाय बघा हा." अण्णा हसला. काकी त्याच्या खांद्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली.

त्यानंतर तीन आठवडे त्याचा नीट फोन आला नाही. परीक्षेचं काय झालं असेल, तो एक किलो उतरला असेल की नाही, हा विचार घरात सगळे करत होते. वहिनी कारखान्यातून आली की आधी मोबाईल बघायची. मी वही पुन्हा पुन्हा उघडायचे. आणि याच दिवसांत वर्गात मॅडमनी कामाबद्दल काही लिहून आणायला सांगितलं. मी उभी राहून विचारलं, "मॅडम, माझा भाऊ सैन्यात स्वयंपाकी आहे. त्याच्याबद्दल लिहिलं तर चालेल काय?" या वेळी शब्द पूर्ण बाहेर आला. मॅडम म्हणाल्या, "चालेल की. का नाही चालणार?" एवढंच. मी उगाच दीड वर्ष घाबरले होते.

फोन आला तेव्हा रविवार होता आणि आम्ही सगळे अंगणात होतो. काकीही होती, आईबरोबर शेंगा फोडत. वहिनीनं फोन स्पीकरवर टाकला. तुटक आवाज.

"ऐकू येतंय काय? काकीला सांगा... हॅलो... काल वर गेलतो. काकीचा भात घिऊन."

"परीक्षेचं काय झालं?" आप्पा ओरडले.

"थांबलो न्हाय आप्पा. एकदाबी न्हाय. पाऊल ल्हान केलं. झाकण काढलं तर वाफ... हॅलो... वाफ आली वर. पोरं म्हणाली, हा वास कसला..."

"आरं, परीक्षा!"

"पास की! मंगळवारीच झाली. पळण्यात पास. वजनातबी बसलो, काट्यावर अर्धा किलो आतच." मग रेंज गेली. हवालदारकीचं विचारायचं राहूनच गेलं. ती यादी अजून लागायची आहे, त्याला वेळ आहे असं नंतर कळलं.

आप्पा टोपी घालून लगेच हॉटेलकडं निघाले. वहिनीनं पदर डोळ्यांना लावला. आई काकीचा हात धरून बसली होती. काकीच्या ओंजळीत शेंगा तशाच होत्या. थोड्या वेळानं तिनं एक शेंग फोडली आणि दाणे आईच्या सुपात टाकले.

"म्हंजे पुढल्या सुगीला माझे भारे वाहाय येतोय म्हण," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तुलाबी सांगतो गं. पुढच्या टायमाला घड्याळ घिऊन नुसती उभी राहू नको. एक भारा उचल."

मी म्हणाले, "व्हय काकी." आणि ते मी खरं बोलले होते.